उधारीची मोटार आणि निर्धन वादी : इंग्लिश नुकसानभरपाई-विधीतील एका व्यवसायाचा उदय

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीवर दुसऱ्याची मोटार येऊन आदळली, तर दोष कोणाचा हे ठरविण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. परंतु दोष ठरणे आणि भरपाई हाती पडणे ह्या दोन घटनांमध्ये काळाचे एक अंतर असते. त्या अंतरात मोटार दुरुस्तीला गेलेली असते, कामावर मात्र रोज जावयाचे असते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो भाड्याची गाडी घेतो आणि खर्च मागाहून वसूल करतो. ज्याच्यापाशी तो नाही त्याने काय करावे, हा प्रश्न इंग्लिश न्यायालयांनी दीर्घकाळ गंभीरपणे विचारलाच नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो विचारला गेला, आणि त्याच्या उत्तराबरोबर एक संपूर्ण व्यवसाय उदयास आला. ह्या व्यवसायाचा आणि त्यामागील विधिविचाराचा इतिहास थोडक्यात मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. आमच्या मते ह्या इतिहासाचे सार असे की, वादीच्या दारिद्र्याचा त्याच्याविरुद्ध उपयोग करू न देण्याचा न्याय्य निर्णय इंग्लिश विधीने उशिरा का होईना घेतला. मात्र त्या न्यायाची किंमत कोणी चुकवावयाची आणि तिचे माप कोणी ठरवावयाचे, हे त्याला आजतागायत समाधानकारकपणे सांगता आलेले नाही.

(१) व्यवहाराचे स्वरूप

प्रथम व्यवहार काय आहे तो पाहू. इंग्लंडमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टान्वये, १ जानेवारी १९३१ पासून, त्रयस्थाच्या शारीरिक इजेबद्दलचा विमा मोटारमालकांवर सक्तीचा झाला. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीपुरती सक्ती मात्र १९८८ च्या अखेरीस, युरोपीय निर्देशाच्या अंमलबजावणीमुळे, आली. तथापि बहुसंख्य मालकांपाशी असा विमा पूर्वीपासूनच असे. विमा कंपन्यांनी आपसांत असेही करार केले होते की, दोष कोणाचाही असो, ज्या कंपनीने त्याच कंपनीने आपापल्या विमेदाराच्या गाडीची दुरुस्ती करून द्यावी. ह्या तडजोडीने कंपन्यांचा पत्रव्यवहार वाचे. परंतु विमेदाराची जी हानी त्याच्या स्वतःच्या विम्यात बसत नसे ती तशीच राही. गाडीवाचून गेलेले दिवस, विम्यातील स्वतः सोसावयाची रक्कम आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, ह्या तिन्ही गोष्टी त्यात येत. कंपन्यांमधील करारामुळे व्यक्तीचा दोषी चालकावरील हक्क नष्ट होत नाही, असे अपील न्यायालयाने १९३६ मध्ये ‘मॉर्ले विरुद्ध मूर’ ह्या खटल्यात स्पष्ट केले. हक्क होता, तो बजावण्याचे साधन नव्हते.

हे साधन अपघात-व्यवस्थापन कंपन्यांनी पुरविले. टक्कर होताच अशी कंपनी निर्दोष चालकाला आगाऊ पैसे न घेता गाडी देते. भाड्याची रक्कम त्याच्या नावे उधार मांडली जाते. दोषी चालकाच्या विमा कंपनीशी पत्रव्यवहार, आणि प्रसंगी दावाही, हीच कंपनी चालविते. वसुली झाली की भाडे फिटते. चालकाला आपल्या विमा कंपनीच्या दारी जावे लागत नाही, त्याची सवलत शाबूत राहते आणि खिशाला तोशीस पडत नाही. इंग्लंडात ह्या व्यवहारास ‘क्रेडिट हायर’ म्हणतात. आपण त्यास उधारीचे भाडे म्हणू. हे भाडे बाजारातील साध्या भाड्याहून पुष्कळ अधिक असते, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. पुढील सर्व वाद तिच्याभोवती फिरतो.

(२) दोन जुन्या भिंती

ह्या व्यवहाराच्या मार्गात इंग्लिश विधीच्या दोन भिंती उभ्या होत्या.

पहिली भिंत मध्ययुगीन होती. ज्याचा दाव्याशी संबंध नाही अशाने दुसऱ्याच्या दाव्यास पाठबळ देणे, ह्यास ‘मेंटेनन्स’ म्हणत. आणि निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याच्या बोलीवर ते देणे, ह्यास ‘चँपर्टी’ म्हणत. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या कायद्यात राजाच्या अधिकाऱ्यांना अशा वाट्याच्या बोलीपासून परावृत्त करणारे कलम आढळते. त्या काळी सरदार व अधिकारी दुबळ्याच्या नावे दावे विकत घेऊन न्यायालयांवर दडपण आणीत. त्या अनाचारास आळा घालणे हा ह्या नियमाचा मूळ हेतू. न्यायसंस्था बळकट झाली, सरदारांचे सामर्थ्य ओसरले, तरी नियम टिकून राहिला. १९६७ च्या क्रिमिनल लॉ ॲक्टाने ह्या दोहोंना गुन्ह्यांच्या व दिवाणी अपकृत्यांच्या यादीतून काढले. परंतु असा करार लोकनीतीविरुद्ध म्हणून बेकायदेशीर ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार त्याच कायद्याने जाणीवपूर्वक राखून ठेवला. अपघात-व्यवस्थापन कंपन्यांवर पहिला हल्ला झाला तो ह्याच शिल्लक राहिलेल्या तटावरून.

दुसरी भिंत आधुनिक होती आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. १९२८ मध्ये ग्रीसमधील पात्रास बंदरात ‘लीसबॉश’ नावाचे गाळ उपसणारे जहाज ‘एडिसन’ ह्या जहाजाच्या निष्काळजीपणामुळे नांगर तुटून समुद्रात ओढले गेले व बुडाले. जहाजाच्या मालकांनी बंदराच्या बांधकामाचा ठेका घेतला होता आणि विलंब झाल्यास त्यांना दंड भरावा लागणार होता. दुसरे जहाज विकत घेण्याइतके रोख भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून त्यांनी अधिक खर्चाचे जहाज भाड्याने आणले. १९३३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपुढे प्रश्न आला की, हा जादा खर्च दोषी जहाजाच्या मालकांनी द्यावयाचा काय? लॉर्ड राइट यांनी नाही म्हणून उत्तर दिले. त्यांच्या मते बुडालेल्या जहाजाची बाजारातील किंमत आणि दुसरे जहाज कामास लावीपर्यंतचे वाजवी नुकसान एवढेच मिळण्याजोगे होते; जो जादा खर्च वादीच्या पैशाच्या अडचणीतून उद्भवला त्याचे कारण अपकृत्य नसून ती अडचण हे वेगळे कारण होय.

ह्या निर्णयाचे सूत्र वरवर पाहता निर्विकार वाटते. परिणामी मात्र ते एका बाजूस झुकलेले होते. इंग्लिश विधीत दुसरेही एक सूत्र सर्वमान्य आहे : अपकृत्य करणाऱ्याने बळी पडलेल्या माणसास तो जसा असेल तसा पत्करावा. कवटी नाजूक असलेल्या माणसास इजा अधिक झाली तर आघात करणाऱ्याला त्याच्या नाजूकपणाची सबब सांगता येत नाही. मग खिसा नाजूक असलेल्या माणसाच्या बाबतीतच ही सबब का चालावी? ह्या प्रश्नास १९३३ च्या निर्णयात पटण्याजोगे उत्तर नव्हते. पुढील दशकांत न्यायालयांनी त्या निर्णयाला अनेक अपवाद जोडले. परंतु निर्णय स्वतः सत्तर वर्षे उभा राहिला.

येथे एक जमेची बाजूही नोंदविली पाहिजे. वस्तूचा वापर गमावणे ही स्वतंत्र हानी आहे, मग तिच्यापासून मालकास द्रव्यप्राप्ती होत नसली तरी, हे तत्त्व हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने १९०० मध्ये ‘मेडियाना’च्या खटल्यात मान्य केलेले होते. तेथे एका दीपनौकेला धक्का लागला होता व बंदर-मंडळाने त्यासाठीच राखून ठेवलेली दुसरी नौका तिच्या जागी नेली होती. तरी भरपाई मिळाली. कुटुंबाची मोटार जागेवर पडून राहणे ही हानी आहे, हे म्हणण्यास आधार त्या निर्णयात होता.

(३) पहिली भिंत पडते : १९९३

पहिल्या भिंतीचा निकाल ‘गाइल्स विरुद्ध टॉमसन’ ह्या खटल्यात लागला. विमा कंपन्यांचा युक्तिवाद असा होता की, भाडे देणारी कंपनी दुसऱ्याच्या दाव्यात आपला स्वार्थ गुंतवून तो चालविते, म्हणजे चँपर्टीच करते. हाऊस ऑफ लॉर्ड्‌सच्या वतीने लॉर्ड मस्टिल यांनी तो फेटाळला. त्यांनी नियमाच्या शब्दांऐवजी त्याच्या इतिहासाकडे पाहिले आणि ज्या अनाचारासाठी नियम झाला तो अनाचार येथे आहे काय, एवढेच विचारले. कंपनीचा नफा दाव्यातून येत नव्हता, गाड्या भाड्याने देण्यातून येत होता. वादीला मिळालेल्या रकमेत तिचा वाटा नव्हता, तिला आपले भाडे मिळावयाचे होते. न्यायदानास अपाय होईल असा हस्तक्षेप तिने केलेला नव्हता. शिवाय चालकाची भाड्याची जबाबदारी पुढे ढकललेली असली तरी खरी होती. म्हणून ते त्याचेच नुकसान होय. पर्यायी गाडीची गरज मात्र वादीने सिद्ध केली पाहिजे, असेही त्यांनी सांगितले.

विधीच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ह्या निकालाचे महत्त्व विशेष वाटावे. सातशे वर्षांपूर्वीच्या नियमाचा अर्थ येथे त्याच्या हेतूवरून लावला गेला, आणि त्यामुळे एका नव्या धंद्यास न्यायालयीन मान्यता मिळाली. ती मिळताच धंदा झपाट्याने वाढला.

(४) मधला मुक्काम : २०००

वाढीबरोबर प्रतिकारही वाढला. ‘डायमंड विरुद्ध लव्हेल’ ह्या खटल्यात भाड्याची रक्कम साडेतीनशे पौंडांहूनही थोडी कमी होती. परंतु तीवरून उपस्थित झालेला प्रश्न हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला, कारण त्यामागे हजारो दावे उभे होते. भाडे पुढे ढकलणे म्हणजे उसनवारी. उसनवारी म्हणजे १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टाखालील करार. आणि त्या कायद्याने आवश्यक ठरविलेला तपशील करारात नव्हता. म्हणून कंपनीला चालकाकडून भाडे वसूल करता येत नव्हते. आणि जे भाडे चालकाला द्यावेच लागत नाही ते दोषी पक्षाकडून नुकसान म्हणून मागताही येत नव्हते. परिणाम मोठा विलक्षण झाला : चालकाने गाडी वापरली, कंपनीला काही मिळाले नाही आणि दोषी चालकाच्या विमा कंपनीला काही द्यावे लागले नाही. पुढे कंपन्यांनी उधारीची मुदत बारा महिन्यांच्या आत बसविणारे करार करून कायद्यातील सवलतीचा आश्रय घेतला.

परंतु ह्या निकालातील टिकाऊ भाग वेगळाच होता. लॉर्ड हॉफमन यांनी दाखवून दिले की, उधारीच्या भाड्यात ग्राहकाला केवळ गाडी मिळत नाही. आगाऊ पैसे न देण्याची सोय, दावा चालविण्याच्या कटकटीतून सुटका आणि वसुली न झाल्यास येणाऱ्या जोखमीपासून संरक्षण, असे इतर लाभही त्याच्या पदरात पडतात. ते दोषी पक्षाकडून वसूल करता येत नसतील तर त्यांची किंमत भाड्यातून वजा केली पाहिजे. ती काढण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे बाजारातील साधा भाडेदर घेणे. जो रोख पैसे देऊन गाडी घेऊ शकला असता त्याला तेवढेच मिळावे.

(५) दुसरी भिंत पडते : २००३

‘जो देऊ शकला असता’ ह्या शब्दांतच पुढचा प्रश्न दडलेला होता. जो देऊ शकत नव्हता त्याचे काय? ४ डिसेंबर २००३ रोजी ‘लॅग्डेन विरुद्ध ओकॉनर’ ह्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने त्याचे उत्तर दिले. वादीची मोटार जुनी होती आणि भाड्याच्या गाडीसाठी आगाऊ पैसे भरण्याची त्याची ऐपत नव्हती. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते : उधारीची गाडी, अथवा गाडीच नाही. लॉर्ड निकल्स, लॉर्ड स्लिन व लॉर्ड होप ह्या तिघांनी असे ठरविले की, अशा वादीला उधारीचे पूर्ण भाडे मिळाले पाहिजे. कारण जादा लाभ त्याने निवडून घेतलेले नाहीत, गाडी मिळविण्याच्या एकमेव मार्गाबरोबर ते आपोआप आले आहेत. ‘लीसबॉश’चा नियम यापुढे पाळावयाचा नाही, असेही ह्या निकालाने जाहीर झाले. लॉर्ड स्कॉट व लॉर्ड वॉकर यांचे मत विरुद्ध पडले.

निर्धन म्हणजे कोण, ह्याची लॉर्ड निकल्स यांनी केलेली मांडणी सूक्ष्म आहे. पूर्ण निष्कांचनता त्यांनी मागितली नाही. वाजवीपणे अपेक्षा करता येणार नाही असा त्याग केल्यावाचून जो भाडे भरू शकत नाही तो निर्धन, असे त्यांनी म्हटले. ह्या कसोटीने चौकशीचा खर्च वाढेल, ही अडचण त्यांनाही दिसत होती; परंतु विमा कंपन्या व भाडे-कंपन्या मिळून काही ठराविक प्रश्नावली ठरवतील अशी त्यांची अपेक्षा होती.

१९३३ ते २००३ ह्या सत्तर वर्षांत तत्त्वाने पूर्ण वळण घेतले. पूर्वी दारिद्र्य हे वादीच्या हानीचे ‘वेगळे कारण’ होते. आता ते त्याच्या स्थितीचा, आणि म्हणून दोषी पक्षाने पत्करावयाच्या वस्तुस्थितीचा, भाग झाले. ह्या वळणाचे नैतिक मोल कमी लेखू नये.

(६) न्यायाची किंमत

तथापि ह्या वळणाचे परिणाम दुहेरी झाले. पूर्वी जे दारिद्र्य लपवावे असे वाटे ते आता कागदोपत्री सिद्ध करावे लागू लागले. उधारीचे पूर्ण भाडे मागणाऱ्यास बँकेचे उतारे, वेतनाच्या पावत्या, उसनवारीची मर्यादा, सर्व न्यायालयापुढे ठेवावे लागते. ते वेळेवर न ठेवल्यास निर्धनतेचा मुद्दा मांडण्यासच मनाई होऊ शकते. चार-सहा आठवड्यांच्या भाड्यासाठी माणसाच्या घरखर्चाची उलटतपासणी होते. दोष ज्याचा नाही त्याच्या खिशाची झडती आणि दोष ज्याचा आहे तो मात्र चौकशीबाहेर, असे हे चित्र आहे.

जो निर्धन ठरत नाही त्याच्या बाबतीत झगडा साध्या भाडेदराभोवती सुरू झाला. त्यासाठी विमा कंपन्यांच्या बाजूने दरांचे पुरावे गोळा करणारा एक उपधंदा निर्माण झाला. अशा एका संस्थेच्या माजी कर्मचाऱ्यांनी दरांविषयी खोटी शपथपत्रे केल्याचे उघड झाले आणि २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरविले. दर ही वस्तुस्थिती आहे असे न्यायालय मानते. परंतु तिच्यावर इतका पैसा अवलंबून असला की ती वस्तुस्थितीही तयार केली जाऊ शकते, हा धडा त्यातून मिळाला. २०१५ मध्ये ‘स्टीव्हन्स विरुद्ध इक्विटी सिंडिकेट मॅनेजमेंट’ ह्या खटल्यात अपील न्यायालयाने नेमकेपणा आणण्याचा प्रयत्न केला : वादीच्या परिसरातील मुख्य प्रवाहातल्या भाडे-कंपनीचा, आणि तशी कंपनी नसल्यास प्रतिष्ठित स्थानिक व्यावसायिकाचा, सर्वांत कमी वाजवी दर घ्यावा. दोषी पक्षाच्या विमा कंपनीने स्वतःहून फुकट गाडी देऊ केली असता ती नाकारणे वाजवी की अवाजवी, हा प्रश्न त्यापूर्वी २००९ मध्ये ‘कॉप्ले विरुद्ध लॉन’ मध्ये येऊन गेला होता. त्या गाडीचा विमा कंपनीला किती खर्च पडेल हे सांगितलेले नसेल, तर ती नाकारणारा वादी अवाजवी वागला असे म्हणता येत नाही, असे तेथे ठरले.

न्यायालयाबाहेर तडजोडीचे प्रयत्नही झाले. १९९९ पासून ब्रिटिश विमा कंपन्यांची संघटना व उधारी-भाडे कंपन्या यांच्यामध्ये दर व कार्यपद्धती ठरविणारा एक सामान्य करार अस्तित्वात आला. त्यात सामील होणे ऐच्छिक आहे. म्हणून न्यायालयाची वाट खुलीच राहिली.

परंतु मूळ दोष कराराने जाण्यासारखा नव्हता. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने २०१२ मध्ये ह्या बाजाराची तपासणी करून दुरुस्ती व पर्यायी गाड्या यांतील अशा पद्धतींमुळे वर्षाला सुमारे २२.५ कोटी पौंडांचा जादा खर्च होत असावा, असा अंदाज मांडला. २०१४ च्या सप्टेंबरात काँपिटिशन अँड मार्केट्‌स ऑथॉरिटीच्या अंतिम अहवालाने त्याचे कारण नेमके दाखविले : खर्च ज्याने सोसावयाचा त्याच्या हाती खर्चाचे नियंत्रण नाही आणि नियंत्रण ज्याच्या हाती आहे त्याला खर्च सोसावा लागत नाही. गाडी निवडणारा चालक पैसे देत नाही, गाडी देणाऱ्या कंपनीला भाडे वाढले तर लाभच आहे, आणि बिल तिसऱ्याच्या पत्त्यावर जाते. त्यात विशेष म्हणजे, ज्या विमा कंपन्या ह्या बिलांविरुद्ध तक्रार करीत त्याच आपल्या निर्दोष विमेदारांची नावे भाडे-कंपन्यांना देऊन दलाली घेत. एकीने दुसरीचा खर्च वाढवावयाचा, दुसरीने पहिलीचा. शेवटी बेरीज सर्व विमेदारांच्या हप्त्यात. दोष इतका स्पष्ट दिसूनही त्यावर परिणामकारक आणि प्रमाणात बसणारा उपाय त्या संस्थेस सापडला नाही. ह्या भागापुरते तिने काहीच बदलले नाही. तुलना-संकेतस्थळांच्या काही दरविषयक अटींवर बंदी आणि सवलत-संरक्षणाविषयी ग्राहकांना अधिक माहिती, एवढ्यावर तिचे उपाय थांबले. शारीरिक इजेच्या दाव्यांतील दलालीवर १ एप्रिल २०१३ पासून आलेली बंदी गाड्यांच्या भाड्यापर्यंत पोहोचली नव्हती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

(७) भारतीय विधीशी तुलना

आपल्याकडील विधीच्या अभ्यासकास येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. चँपर्टीचा इंग्लिश नियम भारतात जसाच्या तसा लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच ‘राम कुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी’ ह्या खटल्यात सांगितले होते. दाव्यास पैसा पुरविण्याचा करार अन्याय्य किंवा लोकनीतीविरुद्ध असेल तरच भारतीय न्यायालय तो नाकारते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हाच विचार पुढे नेऊन वकिलांपुरती मात्र अशा बोलीस मनाई कायम ठेवली. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात केलेल्या प्रांतीय दुरुस्तीने, दाव्याला पैसा पुरविणाऱ्या त्रयस्थाचे अस्तित्वच गृहीत धरले आहे.

म्हणजे इंग्लंडात जी भिंत १९९३ मध्ये पडली ती आपल्याकडे त्या स्वरूपात कधी उभीच नव्हती. तरीही इंग्लंडातल्यासारखा उधारीच्या गाड्यांचा धंदा भारतात फोफावला नाही. ह्यावरून असे अनुमान निघते की, विधीतील अडथळा दूर होणे ही अशा व्यवसायाची आवश्यक अट असेल. पुरेशी अट नव्हे. गाडीवाचूनच्या दिवसांची भरपाई सहज मान्य करणारी न्यायालये, ती देऊ शकणारी विमा-व्यवस्था आणि ती वसूल करून देणारे संघटित मध्यस्थ, ह्या तिन्ही गोष्टी इंग्लंडात एकत्र आल्या. पैकी एकीचाही अभाव असता लॉर्ड मस्टिल यांचा निकाल ग्रंथांतच राहिला असता.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, ‘लीसबॉश’कडे परत जाणे हा उपाय नव्हे. तो नियम स्वस्त होता, कारण त्याची किंमत निर्धन वादी मुकाट्याने भरीत असे. हिशेबात न दिसणारा खर्च हा खर्च नसतो असे मानणे ही हिशेबाची चूक आहे. २००३ नंतर तोच खर्च बिलाच्या रूपाने दिसू लागला, म्हणून तो नवा वाटला. दुसरी ही की, हा खर्च दिसू लागल्यावर तो मोजण्याचे काम परस्परविरुद्ध हितसंबंध असलेल्या दोन व्यवसायांवर आणि एकेका भाड्याच्या उलटतपासणीवर सोडणे पुरेसे ठरले नाही. दोषी पक्षाच्या विमा कंपनीने अपघातानंतर ठराविक तासांत वाजवी गाडी पुरवावी आणि न पुरविल्यास उधारीचे भाडे वादीची ऐपत न विचारता द्यावे, असा सरळ नियम विधिमंडळाने केला असता तर बँकेच्या उताऱ्यांची झडती आणि दरांचा बनावट पुरावा ह्या दोहोंचे प्रयोजनच उरले नसते, असे आम्हांस वाटते. असा नियम न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही. न्यायालय भिंत पाडू शकते. तिच्या जागी रस्ता बांधणे हे विधिमंडळाचे काम आहे, आणि इंग्लंडात ते अद्याप व्हावयाचे आहे.